बटण कुणी रंगवायचं?

स्क्रीनवर एक बटण दिसतं. करडं, चौकोनी, वर 'ओके' लिहिलेलं. ते कुणी रंगवलं? विंडोजनं, की ज्या प्रोग्राममध्ये ते आहे त्या प्रोग्रामनं स्वतः? प्रश्न फालतू वाटेल. पण डेस्कटॉपसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी गेली तीसेक वर्षं याच प्रश्नाशी झटतायत. लॅपटॉपची रॅम कुठे जाते आणि पडद्यावर मराठी धड दिसतं की नाही, हेही बरंचसं त्याच्याच उत्तरावर ठरत आलंय.

विंडोज, मॅक आणि युनिक्स या तिघांची खिडकी, मेनू, बटण काढायची रीत वेगवेगळी. एकीकडे लिहिलेला प्रोग्राम दुसरीकडे न्यायचा, तर हिशेबाचा भाग फारसा न बदलता जायचा, दिसणारा भाग मात्र पुन्हा लिहावा लागायचा. १९९० च्या उन्हाळ्यात नॉर्वेत हावर्ड नूर्ड आणि आयरिक शांबे-एंग हे दोघं अल्ट्रासाउंडच्या प्रतिमा साठवणारा एक डेटाबेस प्रोग्राम करत होते आणि तो या तिन्हींवर चालायला हवा होता. त्या कटकटीतून 'क्यूटी' जन्मली. १९९५ मध्ये ती लोकांसमोर आली. नावातलं 'क्यू' का? तर हावर्डच्या एडिटरमधल्या फॉन्टमध्ये ते अक्षर देखणं दिसायचं म्हणून! क्यूटीनं ठरवलं, की बटण आपणच रंगवायचं, फक्त ते यजमानाच्या घरच्यासारखं दिसेल असं रंगवायचं.

जावानं आधी उलटा रस्ता धरला. 'एकदा लिहा, कुठेही चालवा' ही सन कंपनीची घोषणा. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत 'एडब्ल्यूटी' नावाचं जे साधन होतं ते स्वतः काहीच रंगवायचं नाही. तुम्ही जावात बटण मागितलं, की ते विंडोजकडे विंडोजचं आणि मॅककडे मॅकचं बटण मागायचं. कल्पना चांगली, पण मग जे सगळ्यांकडे आहे तेवढंच देता येतं. पंक्तीत कुणालाच वर्ज्य नको म्हणून नुसता वरण-भात वाढावा तसं. एडब्ल्यूटीत तक्ता दाखवायचं साधन नव्हतं, फोल्डरच्या झाडासारखी रचना नव्हती. जे होतं तेही प्रत्येक ठिकाणी थोडं निराळं वागायचं. 'एकदा लिहा, सगळीकडे दुरुस्त करत बसा' हा विनोद तेव्हाचाच.

म्हणून १९९८ च्या डिसेंबरात जावा १.२ बरोबर 'स्विंग' आलं. बाहेरची चौकट तेवढी ऑपरेटिंग सिस्टीमची, आतलं सगळं जावा स्वतः रंगवणार. तक्ते आले, झाडं आली, सगळीकडे एकसारखं रूप आलं आणि त्याबरोबर आला संथपणा. जावाचा कोड जलद चालवणारं 'हॉटस्पॉट' १९९९ चं, त्यामुळे सुरुवातीला प्रत्येक रेघ काढायला वेळ लागायचा आणि तेव्हाच्या संगणकांची मेमरीही बेताची. पण स्विंगची जी बदनामी झाली तिचा निम्मा वाटा मला प्रोग्रामरांच्या पदरात घालावासा वाटतो. स्विंगमध्ये क्लिक ऐकणं आणि पडदा रंगवणं ही दोन्ही कामं एकाच धाग्यावर चालतात. लोक त्याच धाग्यावर डेटाबेसची लांबलचक कामं करत बसायचे, मग खिडकी गोठायची आणि शिव्या जावाला. महाराष्ट्रात डिप्लोमाला 'ॲडव्हान्स्ड जावा' शिकलेल्यांनी एडब्ल्यूटी आणि स्विंग दोन्ही वहीत उतरवलंय. हा धाग्याचा मुद्दा त्यातल्या कितीजणांच्या लक्षात राहिला असेल?

आयबीएमला स्विंग पटलं नाही. २००१ मध्ये खुल्या झालेल्या 'एक्लिप्स'साठी त्यांनी 'एसडब्ल्यूटी' वापरलं, म्हणजे पुन्हा ऑपरेटिंग सिस्टीमचीच बटणं. जे तिथे नाही तेवढंच स्वतः काढायचं.

इथपर्यंतची गोष्ट इंग्रजी पुस्तकांतही सापडते. पण बटण जो रंगवतो त्यालाच बटणावरची अक्षरंही काढावी लागतात, आणि आपला संबंध तिथे येतो. इंग्रजीत अक्षरामागे अक्षर ठेवलं की बहुतेक काम भागतं. 'आर्थिक' लिहून बघा. 'थ' नंतर टाइप केलेली वेलांटी त्याच्या आधी जाऊन बसते आणि आधी टाइप केलेला 'र' रफार होऊन डोक्यावर चढतो. त्यात मराठीचा हट्ट वेगळा: 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. फरक एवढ्याशा आडव्या 'र'चा. तो कुठे, कधी काढायचा हे कुणीतरी सॉफ्टवेअरला शिकवावं लागतं.

विंडोज २००० ला ते येत होतं. पण स्वतःचं स्वतः रंगवणाऱ्या स्विंगला विंडोजचं शिक्षण फुकट कसं मिळणार? देवनागरी जावात आली ती २००२ च्या १.४ आवृत्तीत, म्हणजे स्विंग आल्यावर तीनेक वर्षांनी. त्याच वर्षी लिनक्सकडच्या 'जीटीके २'मध्ये 'पँगो' आलं. ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व, जपानी 'गो' म्हणजे भाषा. पुढे या कामाचा गाभा 'हार्फबझ'कडे गेला. 'ओपनटाइप' या शब्दाचं ते फारसी रूप, हर्फ म्हणजे अक्षर. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रामरनं ते वाढवलं. आज क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस आणि २०१७ पासून जावाही त्याच्याकडूनच अक्षरं जुळवून घेतात. अँड्रॉइड फोनवर हे वाचत असाल, तर या ओळीही त्याच्याच हाताखालून आल्यात.

मग २०१३ मध्ये गिटहबनं ॲटम या एडिटरसाठी केलेली युक्ती आली, पुढे तिचं नाव 'इलेक्ट्रॉन' झालं. बटण कुणी रंगवायचं? ब्राउझरनं! प्रत्येक ॲपसोबत अख्खं क्रोमियम बांधून द्यायचं. तीन ॲप उघडली की तीन ब्राउझर चालू, प्रत्येकाच्या वेगळ्या प्रोसेस, वेगळी मेमरी. याला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. तरी व्हीएस कोड याच पायावर उभं राहूनही हलकं वाटतं. मोठ्या फाइलमधल्या दिसतात तेवढ्याच ओळी ते पडद्यावर मांडतं, आणि फाइलींतला शोध रस्टमध्ये लिहिलेल्या 'रिपग्रेप'कडे सोपवतं.

मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. या जडशीळ गाठोड्यात हार्फबझही येतं, त्यामुळे इलेक्ट्रॉनच्या ॲपमध्ये 'दऱ्या' दऱ्याच राहतात. उलट 'डिअर इमगुई'सारखं चपळ साधन, गेम बनवणाऱ्यांचं लाडकं. सेकंदाला साठ वेळा सगळा पडदा नव्यानं रंगवतं, पण अक्षरजुळणी त्याच्यात नाहीच, त्यामुळे वेलांटी चुकीच्या बाजूला पडते. वेगाचे आकडे वाचताना मी आता आधी बघतो, की ते कोणत्या लिपीत मोजलेत.

विंडोजवरच्या व्हॉट्सॲपनं हा सगळा फेरा एकट्यानं पूर्ण केला. २०१६ चं ॲप वेबचंच, २०२२ मध्ये खास विंडोजसाठी लिहिलेलं, २०२५ मध्ये परत वेबकडे. यावेळी मात्र स्वतःचा ब्राउझर न आणता विंडोजमध्ये असलेल्याच एजच्या इंजिनावर. 'टौरी' हे नवं साधन तिन्ही सिस्टीमवर हेच करतं: विंडोजवर एजचं इंजिन, मॅकवर सफारीचं, लिनक्सवर वेबकिट जीटीके. ॲपची फाइल छोटी होते. पण एकच पान तिन्हीकडे जरा वेगळं दिसतं आणि मग प्रोग्रामर पुन्हा तीन संगणक मांडून, कुठलं बटण कुठे सरकलंय ते तपासत बसतात.