पऱ्हाटी: कापूस गेला, काडी राहिली

आजचा एपिसोड छोटा आहे, आणि विषय आपल्या बुलढाण्याचा.

1870 साली जलंब ते खामगाव हा जेमतेम 13 किलोमीटरचा रेल्वे फाटा सुरू झाला. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. कशासाठी? कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडकला, तेव्हापासून इंग्रजांची नजर वऱ्हाडावर होती. हा इतिहास सगळेच सांगतात. मला प्रश्न पडतो मागे उरलेल्या झाडाचा.

कापूस मुंबईला गेला, पऱ्हाटी गावातच राहिली. वेचणी संपली की चिमट्यानं उपटायची, भारे बांधायचे, परसात गंज लावायची. आमच्या आजीचं वर्षभराचं सरपण तेच. पऱ्हाटी भडकते, गोवरी धग धरून ठेवते. चुलीचं कौतुक मात्र मी करणार नाही. धुरानं आजीचे डोळे कायम लाल असायचे.

2016 ला उज्ज्वला योजना आली, गावात सिलिंडर वाढले. चांगलंच झालं. पण पऱ्हाटीची गरज कमी झाली. त्यात गुलाबी बोंडअळी! ती उरलेल्या बोंडांत लपून राहते, म्हणून शेत लवकर मोकळं करा असा सल्ला. मग काय, धुऱ्यावर ढीग आणि एक काडी.

आता गंमत बघा. हेक्टरी साधारण 2 ते 3 टन पऱ्हाटी निघते. वाळली की किलोमागे तिची उष्णता आपल्या देशी कोळशाच्या जवळपास जाते. आणि शेगावच्या पुढे, अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या वीज केंद्रात रेल्वेनं कोळसा येतो! 2021 मध्ये केंद्रानं धोरण काढलं: औष्णिक केंद्रांनी कोळशात 5 टक्के बायोमास पेलेट मिसळायचे. पेलेट बनवणं अवघड नाही. काडीचा भुगा करून दाबला की उष्णतेनं त्यातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच गोंदाचं काम करतं. अडतं कुठे, तर वाहतुकीत. ट्रॉली भरते, वजन भरत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, डेटा भरपूर, ट्रान्सफर महाग.

गेल्या फेब्रुवारीत काकांना म्हटलं, "जाळता कशाला, विका ना."

काका म्हणाले, "नेते कोण? अन् उपटाची मजुरी तू देतं काय बाप्पा?"

मी चिमटा घेतला. दोन ओळींत हात भरून आले.

तुमच्या गावात पऱ्हाटी कुणी विकत घेतं का, काय भावानं? व्हॉइस नोट पाठवा.