उकिरड्यावरची पाहुणी

पावसाळा सरताना खडकवासल्याच्या कालव्याकाठाने निघावे, तर पांढऱ्या बारीक फुलांचे एक झुडूप हटकून भेटते. कोणी त्याला गाजरगवत म्हणतो, कोणी काँग्रेस गवत, तर कोणी चटकचांदणी. नावे इतकी घरगुती, की ही पाहुणी मूळची अमेरिका खंडातली, हे सांगूनही पटू नये!

पुण्यात ती १९५१ साली प्रा. परांजपे यांना उकिरड्यांवर तुरळक आढळली. पुढे १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी तिची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली. ती 'पी. एल. ४८०'च्या गव्हातून आली, असे सर्रास सांगतात. परंतु तो कायदा १९५४ चा आणि भारताशी करार १९५६ चा. आधीच्या एखाद्या धान्यातून ती आली असेलही. पण या एका कराराच्या माथी सारे खापर फोडणे इतिहासाला धरून नाही.

तिच्या स्पर्शाने अंगावर खाजरे चट्टे उठतात, तर परागांनी शिंका येतात. परागांचा हा प्रताप मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅक्ली या डॉक्टराने १८७३ च्या ग्रंथात मांडला. बिचारा स्वतःच रोगी, म्हणून प्रयोगही स्वतःवरच केले!

पराग खरे म्हणजे निरुपद्रवी. पण काहींचे शरीर त्याला शत्रू समजून त्याच्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रथिने तयार ठेवते. पुन्हा पराग आला, की पेशींतून हिस्टामिन सुटते. नाकाचे अस्तर सुजते, पाणी वाहते. अखंड पराग बहुधा नाकातच अडतो. त्याचे सूक्ष्म तुकडे मात्र फुप्फुसाच्या नळ्यांपर्यंत पोचतात. तेथेही अस्तर सुजते, भोवतीचे स्नायू आवळतात आणि दमा उसळतो. काही तासांनी नव्या पेशी जमून तीच सूज रेंगाळत ठेवतात. नाक आणि फुप्फुस ही एकाच वाटेवरची दोन घरे. एकात आग लागली, की दुसऱ्याला झळ बसते.

म्हणून श्रमदानाच्या वेळी मी मुलांना बजावतो : हे गवत फुलण्याआधीच मुळासकट उपटा, हातात मोजे घाला, नाकाला फडके बांधा. आणि ज्याला धाप लागते त्याला या कामातून वगळतो. वर्गात सतत शिंकणारे, धावताना मध्येच थांबणारे पोर नेहमीच आळशी किंवा नाटकी नसते. त्याला रागे भरण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना दाखवावे, एवढेच पालकांना सांगणे.