त्र्यंबक, त्रिंबक, तिरंबक

नाशिकच्या जुन्या सीबीएसवर घटकाभर उभे राहावे. बसच्या पाटीवर ‘त्र्यंबकेश्वर’ असे शुद्ध रंगवलेले असते आणि दाराशी उभा कंडक्टर ‘चला तिरंबक, तिरंबक’ अशी हाळी देत असतो. पाटी वाचून क्वचितच कोणी चढतो; सगळे हाळी ऐकून चढतात. बस त्र्यंबक नाक्यावरून त्र्यंबक रोडला लागते आणि अठ्ठावीसेक किलोमीटरवरच्या त्र्यंबकला पोचते. नाशिककराच्या तोंडी हे नाव दिवसातून कितीदा येत असेल! पण गेल्या दहा-बारा वर्षांत मी जेवढ्या बारशांच्या घुगऱ्या खाल्ल्या, त्यांतल्या एकाही पाळण्यात त्र्यंबक नव्हता. रुद्र चार झाले, शिवांश तीन, ईशान एक. नाव रस्त्याला राहिले, नाक्याला राहिले, तालुक्याला राहिले; पोराला ठेवायचे म्हटले की आई-बापांच्या कपाळाला आठी पडते.

आधी त्या कंडक्टरचा न्याय करू. तो अशुद्ध बोलतो का?

आपण ज्याला महामृत्युंजय मंत्र म्हणतो ती ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या एकोणसाठाव्या सूक्ताची बारावी ऋचा. सूक्त वसिष्ठांच्या नावावरचे आणि बरेचसे मरुतांचे. शेवटी एकदम त्र्यंबक येतो. (मृत्यूपासून सुटका कशी हवी, तर पिकलेली काकडी देठापासून सुटते तशी, हा दृष्टान्तही तिथलाच. शेतकऱ्याला जो पटकन कळेल आणि आपल्याला समजावून सांगावा लागेल, असा.) ऋचेचा छंद अनुष्टुभ, म्हणजे आठ-आठ अक्षरांचे चार चरण. आता पहिला चरण बोटांवर मोजून पाहा. सातच अक्षरे भरतात. आठवे अक्षर त्या जोडाक्षरात अडकलेले आहे. ‘त्र्यं’ची गाठ सोडवून ‘त्रि-यं’ असे म्हटले की चरण पुरा होतो आणि छंदाचे जाणकार ही जागा तशीच वाचतात. म्हणजे या नावाचा सर्वांत जुना उच्चार आजच्या पाटीवरच्या नावापेक्षा ऐसपैस होता.

कालिदासालाही ही गाठ सोडवावी लागली. ‘रघुवंशा’त तो ‘त्र्यंबक’ लिहितो. पण ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गात, मदन समाधिस्थ शंकराला पाहतो त्या श्लोकात, वृत्तासाठी ‘त्रियंबक’ करतो. टीकाकार मल्लिनाथाला त्याचे समर्थन करावे लागले. महाकवीनेच केले म्हटल्यावर जाणत्यांनी ते मान्य केले, असे तो सांगतो. आणि व्याकरणाला भिऊन ज्यांनी तिथे ‘त्रिलोचन’ असा पाठ घुसवला, त्यांना ‘साहसिक’ म्हणून मोकळा होतो. हा टोला मला फार आवडतो.

मराठी जिभेने आपल्या वाटा काढल्या. ‘य’ला ‘इ’त विरघळवून ‘त्रिंबक’ केले, किंवा ‘त्र’ फोडून ‘तिरंबक’. पेशवाईच्या कागदांत वावरतो तो त्रिंबकच. तेव्हा कंडक्टरवर अशुद्धपणाचा आळ घेणाऱ्याने आधी कालिदासावर घ्यावा.

आता अर्थ. तीन डोळ्यांचा, हे उत्तर शाळकरी पोरही देईल. अडचण एवढीच की ‘अंबक’ म्हणजे डोळा हा अर्थ या नावाला सोडून संस्कृतात फारसा फिरताना दिसत नाही. शंकराला तीन डोळे आहेत हे मनात पक्के झाल्यावर नावाच्या पोटातून डोळा काढला गेला असावा, असे मला वाटते. ‘अंबा’, ‘अंबिका’ म्हणजे आई, हे मात्र जुने नाणे. महाभारताच्या द्रोणपर्वात ते नाणे वाजवून घेतले आहे: आकाश, पाणी आणि पृथ्वी या तीन देवी ज्याच्या आश्रयाला असतात तो त्र्यंबक. शतपथब्राह्मणाला तर तीनही नकोत. यजुर्वेदात अंबिका ही रुद्राची बहीण. (बायको ती पुढे झाली, देवांच्या नात्यांकडे फार टक लावून पाहू नये.) या बहिणीसह, म्हणजे एका स्त्रीसह, रुद्राचा हविर्भाग असतो म्हणून ‘स्त्री-अंबक’, त्याचे त्र्यंबक, असे शतपथ सांगते. व्युत्पत्ती म्हणून ही ओढाताणच. पण नावात बाई आहे हे त्या काळी ठाऊक होते, याची खूण. चौदाव्या शतकातला सायणाचार्य आणखी पुढे जातो. त्याच्या मते अंबक म्हणजे बाप, आणि त्र्यंबक म्हणजे ब्रह्मा, विष्णू, रुद्र या तिघांचा बाप.

आई, डोळा, बाप. एकाच शब्दाने इतकी सोंगे घ्यावीत! आणि त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात डोकावले तर सायणाचीच बाजू वरचढ दिसते. तिथे उभे शिवलिंग नाही. खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढे तीन उंचवटे. पुजारी सांगतात, ब्रह्मा, विष्णू, महेश. नानासाहेब पेशव्यांनी १७५५मध्ये हे काळ्या दगडाचे देऊळ बांधायला काढले; ते पुरे व्हायला १७८६ उजाडले. नानासाहेब १७६१लाच गेले होते.

पण या नावाचा मला सर्वांत ओढ लावणारा अर्थ देवाचा नाहीच. शरद ऋतूतल्या साकमेध पर्वात ‘त्र्यंबक’ नावाचा एक होम असे, आणि तिथे त्र्यंबक म्हणजे चक्क पुरोडाश, भाजलेल्या पिठाच्या चांदक्या. घरात जितकी माणसे तितक्या चांदक्या, आणि वर एक जादा. ही जादा चांदकी अजून न जन्मलेल्या लेकरासाठी. ती उंदराच्या उकिरात पुरायची आणि रुद्राला सांगायचे, उंदीर हा तुझा पशू, त्यावर भागव. (उंदीर पुढे लेकाकडे गेला, हे आपण जाणतोच.) आहुती चव्हाट्यावर. घरातल्या कुमारिकाही प्रदक्षिणा घालत आणि नवरा मिळू दे म्हणत. शेवटी उरलेल्या चांदक्या टोपलीत बांधून झाडाला टांगायच्या आणि रुद्राला विनवायचे, ही तुझी शिदोरी घे, आणि मूजवत डोंगराच्या पलीकडे निघून जा.

म्हणजे रुद्र हे नाव लांब पाठवायचे आणि त्र्यंबक हे लेकरू राखायचे. आज आपण पहिले कडेवर घेतले आहे आणि दुसरे एसटीच्या पाटीवर सोडून दिले आहे.

कधीकाळी हे नाव असे दुर्मीळ नव्हते. सेनापती त्रिंबकराव दाभाडे १७३१ साली डभईला बाजीरावाच्या फौजेशी लढताना पडले. त्रिंबकराव पेठे, इतिहासातले त्रिंबकमामा, १७७४मध्ये पंढरपूरजवळ कासेगावला राघोबादादांविरुद्धच्या लढाईत गेले. आणि दुसऱ्या बाजीरावाचे त्रिंबकजी डेंगळे. ठाण्याच्या किल्ल्यातून १८१६ साली पळाले, १८१८मध्ये आमच्याच जिल्ह्यात, निफाडकडच्या अहिरगावात पकडले गेले आणि गंगाकाठच्या चुनारगडावर कैदेत वारले. इंग्रजांनी त्यांच्या नावाची जी स्पेलिंगे केली आहेत ती वाचवत नाहीत.

विसाव्या शतकात नाव तलवार टाकून लेखणीकडे वळले. ‘गावगाडा’ लिहिणारे त्रिंबक नारायण आत्रे, पानिपताचा हिशेब मांडणारे त्र्यंबक शंकर शेजवलकर, ‘डांगोरा एका नगरीचा’ लिहिणारे त्र्यंबक विनायक सरदेशमुख. पुस्तकांच्या पाठीवर यांची आद्याक्षरे पाहण्यासारखी आहेत: ‘त्रिं. ना.’, ‘त्र्यं. शं.’, ‘त्र्यं. वि.’ बाकीच्यांचे एका अक्षरात भागते. या मंडळींना अनुस्वारासकट अख्खे बिऱ्हाड हलवावे लागते.

बालकवी ठोंबरेही त्र्यंबकच, त्र्यंबक बापूजी. १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि पाळण्यातले नाव जे मागे पडले ते पडलेच. उलट तऱ्हा दादासाहेब फाळक्यांची. १८७०मध्ये जन्म त्र्यंबकेश्वरी, पण नाव धुंडिराज, काशीच्या गणपतीचे. गावात राहणाऱ्याने गावाचे नाव पोराला ठेवावे असे बहुधा वाटत नसावे. त्र्यंबक व्हायचे ते दुरून नवस फेडायला आलेल्यांच्या घरी.

नाव मागे का पडले? जोडाक्षर हे एक कारण. पहिलीतल्या पोराला स्वतःचे नाव लिहिण्याआधी तीन व्यंजने एकावर एक रचायला शिकावे लागते. इंग्रजी शाळेत हजेरी घेताना त्याचे ‘ट्राय-अंबक’ होणार ही धास्ती वेगळीच. पण खरे कारण घरातले आहे. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत होती, आणि सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही अशीही होती. मग त्र्यंबक संकल्पात आणि शाळेच्या दाखल्यावर. घरात बाळ, अण्णा, नाना, काहीही. नाव चालू होते पण ऐकू येत नव्हते. आजोबांचे नाव ठेवण्याची रीत सुटली आणि ऐकूच न येणारे नाव मागायला कोणी उरले नाही.

जपान्यांचा मला यात हेवा वाटतो. तिथे ‘अकिरा’ हा एकच उच्चार वेगवेगळ्या चित्राक्षरांनी लिहितात आणि आई-बाप अक्षर निवडतात तेव्हाच अर्थही निवडतात. दिग्दर्शक कुरोसावांच्या अकिरात सूर्य आणि चंद्र शेजारी बसवलेले अक्षर आहे. त्याचा अर्थ उजेड. आपल्याकडे अक्षर ठरलेले आणि अर्थ मोकळा. पोराला त्र्यंबक म्हणा आणि त्यात तीन आया पाहायच्या, तीन डोळे की तिघांचा बाप, हे त्याचे त्याला ठरवू द्या. आणि जपान तरी फार लांब कुठे आहे? तिथल्या बौद्ध परंपरेतल्या बारा दिक्पालांत आपला ईशान आहे, तिसऱ्या डोळ्यासकट.

माझ्याकडे सध्या एक वही आहे. तीत मी घरगुती हाका टिपतो. तुमच्या आजोबा-पणजोबांत कोणी त्र्यंबक असतील, तर जुन्या कागदांवर त्यांचे नाव ‘त्र्यं’ने लिहिले आहे की ‘त्रिं’ने, आणि घरात त्यांना प्रत्यक्षात काय म्हणत, एवढे दोन ओळींत कळवा. मोडीतले कागदही चालतील, मी वाचून घेईन.