जखमेची नोंद : इनामाची व शुश्रूषेची

मराठ्यांच्या इतिहासात जखमेच्या मूल्यमापनाचा एक स्पष्ट उल्लेख प्रतापगडच्या युद्धाच्या (१० नोव्हेंबर १६५९) संदर्भात सापडतो. युद्धानंतर शिवाजी महाराजांनी जखमी लोकांस जखम पाहून दोनशे, शंभर, पन्नास व पंचवीस होन असे बक्षीस दिले, असे कृष्णाजी अनंत सभासद आपल्या बखरीत सांगतो. ही बखर घटनेनंतर तीसहून अधिक वर्षांनी जिंजी येथे लिहिली गेली. म्हणून रकमांविषयी सावधगिरी बाळगली, तरी जखमेच्या प्रती लावण्याचे तत्त्व त्यातून निःसंशय दिसते. दर असामीस रक्कम ठरावयाची, तर जखम कोणी तरी पाहिली व तिची नोंद केली असली पाहिजे.

तथापि ही पाहणी एकदाच व्हावयाची होती. शिपायाने किती सोसले, हा तिचा प्रश्न. जखम कशी भरत आहे, हा नव्हे.

या दुसऱ्या प्रश्नाचा विचारही या देशात जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत आघातजन्य व्रणांचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा प्रकार सांगितले असून व्रणाचे स्थान, आकृती, स्राव, गंध, वर्ण व वेदना यांच्या परीक्षेचा आणि साठ उपक्रमांचा विचार केला आहे. चरकाने वैद्य, औषध व रोगी यांच्या जोडीस परिचारकाला चिकित्सेचा एक पाद मानले. निरीक्षणाचे शास्त्र असे सिद्ध होते. परंतु रोग्यागणिक क्रमवार लेखी नोंद ठेवणे, हा आधुनिक प्रशिक्षित शुश्रूषेचा विशेष होय. १८६० साली लंडनमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने निघालेल्या विद्यालयापासून या शिक्षणाला निश्चित रूप आले. आज परिचारिका जखमेची लांबी, रुंदी व खोली मोजते. तळ, कडा, स्राव व भोवतालची त्वचा पाहते आणि ते सर्व मागील नोंदीशी ताडते. एका दिवसाच्या मापाला स्वतंत्र अर्थ थोडा. दोन मापांतील अंतरावरूनच जखम भरते की चिघळते, हे कळते.

पुसेगावी विळ्याने कापलेला पाय बांधून रोगी पुढे हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात जातो, तेव्हा तेथील परिचारिकेने ती जखम पहिल्या दिवशी पाहिलेली नसते. सूज वाढली की उतरली, याचे विश्वसनीय उत्तर सोबतच्या कागदावरच मिळू शकते. तो कोरा असेल, तर उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात.

सभासदाने सांगितलेल्या पाहणीने जखमी शिपायाचा मान राखला. शुश्रूषेच्या नोंदीने रोग्याचा पाय राखावयाचा असतो.