एका मिळकतीचे घर आणि बचतीचे बदलते ठिकाण : पेण-रोहा परिसराचा ऐतिहासिक आढावा (१८८२ ते २०२१)

प्रस्तावना

कौटुंबिक बचत हा विषय अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत बहुधा वजाबाकीच्या रूपाने येतो. उत्पन्नातून खर्च वजा जाता जे उरते ती बचत, अशी तिची सुटसुटीत व्याख्या केली जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र या व्याख्येपुढे दोन प्रश्न पडतात. जे उरते ते नेमके कोणाच्या श्रमामुळे उरते? आणि उरलेले ठेवायचे कोठे व कोणाच्या भरवशावर? रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या दोन तालुक्यांच्या गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या वाटचालीत या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेळोवेळी बदलत गेली. कणगीतील धान्य, अंगावरील दागिना, पोस्टाचे पासबुक आणि सहकारी बँकेतील ठेव अशी बचतीची ठिकाणे बदलली. प्रत्येक बदलाबरोबर बचत करण्याची जबाबदारी कुटुंबाकडेच राहिली. ती सुरक्षित ठेवण्याचे सामर्थ्य मात्र कुटुंबाच्या हातून हळूहळू निसटत गेले. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे. कमावता एक आणि खाणारी तोंडे अनेक असलेले तरुण कुटुंब हा त्याचा केंद्रबिंदू आहे.

धान्यरूप बचत : आगोटीचे अर्थशास्त्र

१ जानेवारी १९८१ पूर्वी कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात भात हे मुख्य पीक. पेणच्या खाडीकाठी खारभूमीतील भातशेती व मिठागरे, तर रोह्याकडे कुंडलिकेच्या खोऱ्यातील भात आणि त्यामागून जमिनीतील ओलाव्यावर येणारा वाल, असे पिकांचे सर्वसाधारण चित्र होते. अशा प्रदेशात कुटुंबाचे अंदाजपत्रक महिन्याचे नसे. ते वर्षाचे असे आणि त्याचा निर्णायक दिवस पगाराचा नसून मृग नक्षत्राचा असे.

पावसाळ्याचे चार महिने वाटा बंद, मासेमारी थंड आणि शेतीत श्रम अधिक परंतु पीक नाही, अशी स्थिती असे. म्हणून पावसापूर्वी घरात जो साठा केला जाई त्यास या भागात ‘आगोट’ म्हणतात. तांदूळ, वाल, मीठ, मिरची, सुके बोंबील, सुकट, आमसुले, पापड, लोणची, गोवऱ्या आणि सरपण या सर्वांचा तीत समावेश होई. ही केवळ खाद्यसंस्कृती नव्हे, तर काटेकोर अर्थव्यवहार होता. माणशी किती धान्य लागेल, पाहुण्यासाठी किती राखावे, बियाण्याला हात न लावता दिवाळीपर्यंत कसे पोहोचावे, याचा हिशेब घरातील स्त्री करीत असे. हा हिशेब कोठल्याही वहीत उतरला नाही. म्हणून तो इतिहासाच्या साधनांतही अभावानेच आढळतो.

या बचतीला मर्यादाही होत्या. कोकणातील खोती पद्धतीत पिकाचा मोठा वाटा कुळाच्या अंगणातूनच निघून जाई. शेजारच्या अलिबाग तालुक्यात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात चाललेला चरीचा शेतकरी संप हा याच प्रश्नावरचा लढा होता. जमीन न पिकवता सहा वर्षे काढणाऱ्या कुटुंबांनी उपजीविका कशी चालविली हा प्रश्न राजकीय इतिहासाइतकाच गृहव्यवस्थेच्या इतिहासाचाही आहे. पुढे १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा ‘कृषक दिन’ यांमुळे अनेक कुळांच्या नावावर जमीन झाली. जमीन हीच त्या कुटुंबांची सर्वांत मोठी शिल्लक ठरली. पेण तालुक्यातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर सप्टेंबर २००८ मध्ये जे जनमत घेतले गेले, त्यामागील तीव्र भावना या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्या कातकरी कुटुंबांची गोष्ट वेगळी होती. कोळसा पाडण्याच्या किंवा वीटभट्टीच्या कामासाठी पावसाळ्यात घेतलेली उचल पुढील हंगामात फेडायची, हा त्यांचा क्रम. तेथे शिल्लक पुढील वर्षात जात नसे, कर्ज जाई. काटकसरीच्या उपदेशाला या वस्तीत अर्थ उरत नाही. बचतीसाठी स्वभावगुणांच्या आधी काहीतरी उरावे लागते, हे यावरून स्पष्ट होते.

मनीऑर्डर आणि गावातील निम्मे घर

भारतात मनीऑर्डरची सोय टपाल खात्यामार्फत १८८० मध्ये सुरू झाली आणि १८८२ मध्ये पोस्टाची बचत बँक देशभर उघडली. कोकणासाठी या दोन घटनांचे महत्त्व मोठे आहे. मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि घरकाम यांकडे कोकणातून जाणाऱ्या तरुणांचा ओघ वाढत असतानाच पैसा गावी पाठविण्याची खात्रीची वाट त्यामुळे मिळाली. रत्नागिरीच्या तुलनेत कुलाबा मुंबईला जवळचा, तरीही नांदते घर गावात आणि कमावता पुरुष शहरातील सामाईक खोलीत, ही रचना येथेही रूढ झाली.

मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने फिंडले शिरास यांनी तयार केलेला मुंबईतील कामगारवर्गाच्या कौटुंबिक अंदाजपत्रकांविषयीचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. पाहणीतील निम्म्याच्या जवळपास कुटुंबे कर्जबाजारी असल्याचे त्यातून दिसून आले. एकट्या राहणाऱ्या पुरुषांच्या अंदाजपत्रकांचा विचार त्यात स्वतंत्रपणे केलेला आहे आणि गावी पाठविली जाणारी रक्कम हा त्यांच्या खर्चाचा ठळक भाग आहे. उत्पन्न वाढते तसे अन्नावरील खर्चाचे प्रमाण घटते, हा अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये मांडलेला नियम अशा पाहण्यांमागे गृहीत असे. परंतु येथे एक उणीव जाणवते. शहरातील खोलीत जी रक्कम ‘खर्च’ म्हणून नोंदली गेली, तीच गावातील घरात ‘उत्पन्न’ होती. त्या रकमेत भाताची लावणी करणारी, गुरे सांभाळणारी, आगोट भरणारी स्त्री आपल्या श्रमांची भर घालीत होती. कुटुंबाचे निम्मे अंदाजपत्रक पाहणीच्या कक्षेबाहेरच राहिले.

यावरून असे म्हणता येईल की, ‘एका मिळकतीवर चालणारे घर’ हा शब्दप्रयोग रोख पैशापुरताच खरा आहे. रोख मिळकत एकाची असली तरी श्रम अनेकांचे होते. मुंबईतील मजुरी कुटुंबाच्या पोषणाला अपुरी असतानाही टिकून राहिली, याचे एक कारण गावातील या विनामोबदला श्रमांत सापडते. १८ जानेवारी १९८२ पासून सुरू झालेल्या गिरणी संपाच्या काळात अनेक कामगार गावी परतले, तेव्हा त्यांना आधार मिळाला तो याच निम्म्या घराचा.

पगारदार कुटुंब आणि पासबुकाचा काळ

स्वातंत्र्योत्तर काळात बचतीला संस्थात्मक रूप देण्याचे जे प्रयत्न झाले त्यांचा रोह्याशी एक जवळचा धागा आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० ते १९५६ या काळातील केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचा जन्म महाड तालुक्यातील नाते येथला आणि बालपण बहुतांशी रोह्यात गेलेले. त्यांच्या कारकिर्दीत १९५५ मध्ये इंपीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर झाले आणि १९५६ च्या आरंभी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर झाले. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या गोरवाला समितीने १९५४ मध्ये दाखवून दिले की, १९५१-५२ मध्ये ग्रामीण कर्जपुरवठ्यात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के होता; उरलेल्यातील सिंहाचा वाटा सावकारांचा. सावकाराच्या जागी संस्था उभी करणे हे त्या पिढीचे ध्येय होते.

या परिसरात संस्थांचा विस्तार झाला तो उद्योगांच्या बरोबरीने. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची. त्यानंतर रोह्याजवळ धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी राहिली. रोहा तालुक्यातील नागोठणे येथे १९९० च्या सुमारास पेट्रोरसायन संकुल सुरू झाले आणि पेण तालुक्यातील डोलवी येथे पोलाद प्रकल्प आला. १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत पोहोचली. परिणामी या गावांत एक नवे कुटुंब दिसू लागले : भाड्याच्या दोन खोल्या, कारखान्यात पाळीवर जाणारा पती, घर सांभाळणारी पत्नी आणि एक-दोन लहान मुले.

या कुटुंबाची अडचण पूर्वीच्यापेक्षा निराळी होती. गावाकडची कणगी, सासूचा हात, परसातील भाजी आणि रानातील सरपण हे सारे मागे राहिले. घरभाडे, किराणा, दूध, रॉकेल वा गॅस, शाळेची फी, औषधपाणी या प्रत्येक गोष्टीला रोख पैसा लागू लागला. वर्षाचे अंदाजपत्रक महिन्याचे झाले. आगोटीची सवय पूर्णपणे सुटली नाही. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कुटणे आणि तांदळाचे पोते भरून ठेवणे चालूच राहिले. तथापि उरलेली शिल्लक आता रुपयांत होती आणि ती घरात ठेवणे शहाणपणाचे नव्हते.

अशा वेळी बचतीच्या अनेक वाटा खुल्या होत्या. पगारातून कापला जाणारा भविष्य निर्वाह निधी १९५२ च्या कायद्याने आलेला होता. आयुर्विम्याचा हप्ता आणि कामगारांची पतपेढी होती. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना १९७२ मध्ये सुरू झाल्यावर पोस्टाच्या आवर्ती ठेवीसाठी महिला प्रतिनिधी दारोदार येऊ लागल्या. कर्नाटकातील सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केलेली ‘पिग्मी’ ठेवीची कल्पना पतसंस्थांनी उचलली. दररोज पाच-दहा रुपये गोळा करणारा प्रतिनिधी बाजारपेठेत परिचयाचा झाला. शेजारणींची भिशी होतीच. नाबार्डने १९९२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर आरंभलेल्या जोडणी कार्यक्रमानंतर बचत गटांनी या घरगुती पद्धतीला बँकेचे दार उघडून दिले. पेणच्या गणेशमूर्ती, पोहे आणि पापड यांच्या व्यवसायांत स्त्रियांना मिळणारे हंगामी काम ही ‘एका मिळकती’ला मिळणारी आणखी एक जोड होती. ती मिळकत बहुधा मुलांच्या शिक्षणासाठी किंवा सोन्यासाठी वेगळी राखली जाई.

विश्वासाचा भंग : २०१० आणि नंतर

या साऱ्यांत नागरी सहकारी बँकेचे स्थान विशेष होते. तेथील संचालक ओळखीचे, कर्मचारी गावातले, भाषा आपली आणि ठेवीवरील व्याज बऱ्याचदा राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा किंचित अधिक. धान्य ज्या भरवशाने कणगीत ठेवले जाई, जवळपास त्याच भरवशाने पैसा येथे ठेवला गेला. परंतु कणगीचे झाकण उघडून पाहता येत असे. ताळेबंदाचे झाकण ठेवीदाराला उघडता येत नव्हते.

सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर निर्बंध घातले. बनावट कर्जखात्यांच्या द्वारे शेकडो कोटी रुपयांचा अपहार झाल्याचे समोर आले. सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. २०१४ मध्ये बँकेचा परवाना रद्द झाला. ठेवीदारांनी संघर्ष समिती स्थापन केली, मोर्चे काढले आणि न्यायालयीन लढाही दिला.

या घटनेचा अर्थ समजण्यासाठी ठेव विम्याचा इतिहास पाहणे आवश्यक आहे. केरळमधील पलाई सेंट्रल बँक १९६० मध्ये बुडाल्यानंतर १ जानेवारी १९६२ रोजी ठेव विमा महामंडळ अस्तित्वात आले. तेव्हा संरक्षण होते १,५०० रुपयांचे. पुढे सहकारी बँकांनाही हे संरक्षण लागू झाले. १ मे १९९३ रोजी मर्यादा एक लाख रुपये करण्यात आली आणि ती ४ फेब्रुवारी २०२० पर्यंत, म्हणजे जवळजवळ सत्तावीस वर्षे, तीच राहिली. या काळात किमती आणि पगार कितीतरी पटींनी वाढले. अर्थात संरक्षणाचे खरे मोल तेवढेच आटले. दुसरे असे की, बँक केवळ निर्बंधाखाली असेपर्यंत विम्याची रक्कम मिळत नसे. निर्बंध आणि अवसायन यांच्या मधला काळ ठेवीदाराने कसा काढावा, याचे उत्तर कायद्यात नव्हते. २०२० मध्ये मर्यादा पाच लाख झाली, त्याच वर्षी सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढविण्यात आले आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागू झाल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये जिल्ह्यातीलच पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला; यावरून पेणचा प्रसंग एकाकी नव्हता हे दिसते.

दोन मिळकतींच्या घरात एक ठेव अडकली तरी दुसऱ्या पगारावर महिना निघतो. एका मिळकतीच्या घरात ती ठेव म्हणजेच दुसरा कमावता असतो. आजारपण, मुलीचे लग्न, मुलाचा अभियांत्रिकीचा प्रवेश किंवा कारखाना बंद पडल्यावरचे सहा महिने, यांसाठी जी रक्कम वीस वर्षांत साचली, ती गोठल्यावर त्या घराला पुन्हा दागिन्याकडे आणि सावकाराकडे वळावे लागते. ज्या सावकाराच्या जागी संस्था उभी करावयाची होती, त्याच्याच दारात संस्थेच्या अपयशाने कुटुंबाला नेऊन सोडले, ही या इतिहासातील सर्वांत कटू बाब होय.

समारोप

वरील विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, या परिसरातील एका मिळकतीची कुटुंबे कधीही एकाच्या श्रमावर चालली नाहीत. आगोट भरणाऱ्या, मनीऑर्डर पुरविणाऱ्या आणि महिन्याचा किराणा बसविणाऱ्या स्त्रीचे श्रम हाच बचतीचा पाया होता; त्याची नोंद न घेता बचतीचा इतिहास लिहिल्यास तो अपुरा ठरतो. दुसरी, कुटुंबांनी बचतीचे कौशल्य गमावले नव्हते. २०१० मध्ये अडकलेल्या ठेवी हाच त्या कौशल्याचा पुरावा आहे, कारण काटकसर न करणाऱ्याची ठेव अडकत नाही.

म्हणून आर्थिक साक्षरतेच्या आजच्या उपक्रमांत केवळ ‘बचत करा’ असा उपदेश पुरेसा नाही. ठेव कोठे आहे, तिच्यावर किती विमा आहे आणि त्या संस्थेचे लेखापरीक्षण काय सांगते, हे विचारण्याचा हक्क ठेवीदाराला आहे. त्याची जाणीव करून देणे हे त्यांचे पहिले काम ठरावे. पेण आणि रोह्याच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी अशी पासबुके जपून ठेवलेली असतील. आगोटीच्या आठवणींसह ती गोळा करून अभ्यासली गेल्यास स्थानिक इतिहासाचे एक मोलाचे साधन उपलब्ध होईल.