जुने कॉम्प्युटर गेम आज चालतात कसे? आणि बरेचसे मिळतच का नाहीत?

नव्वदच्या दशकात डॉसवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळलेल्यांना पांढऱ्या कपड्यांतला तो राजपुत्र आणि ६० मिनिटांची मुदत नक्की आठवत असेल. पण या गेमचा मूळ सोर्स कोड कित्येक वर्षं हरवलेला होता, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणाने हा गेम अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरसाठी लिहिला. तो १९८९ मध्ये बाजारात आला. पुढे तो डॉसवर आणि इतर अनेक मशीनवर गेला, पण मूळ कोड खुद्द मेकनरलाच सापडेना. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉपी मिळाल्या. इंटरनेट आर्काइव्हचे जेसन स्कॉट आणि अ‍ॅपल टूचे जाणकार टोनी डियाझ यांनी त्यावरचा मजकूर सुखरूप बाहेर काढला आणि मेकनरने तो सगळ्यांसाठी खुला केला. इतक्या गाजलेल्या गेमची ही गत, तर बाकीच्यांचं काय झालं असेल!

गेम हरवतो म्हणजे काय होतं?

पुस्तक पन्नास वर्षं कपाटात राहिलं तरी उघडून वाचता येतं. गेमचं तसं नाही. फ्लॉपीवरची माहिती चुंबकीय थरात असते आणि तो थर काळानुसार खराब होतो. फ्लॉपी शाबूत राहिली तरी ती वाचणारा ड्राइव्ह, त्यावेळचा प्रोसेसर, साउंड कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम कुठून आणणार? ब्राउझरमधल्या फ्लॅश गेमना तर फ्लॉपीही नव्हती. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅशचा सपोर्ट थांबवला आणि हजारो गेम एका फटक्यात बंद पडले.

इथे इम्युलेटर कामाला येतो. हे सॉफ्टवेअर जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करतं आणि गेमला वाटतं, आपण १९९० सालच्या कॉम्प्युटरवरच आहोत. डॉसबॉक्स हा यातला सर्वांत परिचित. त्यात वेग जुळवावा लागतो, कारण त्या काळचे अनेक गेम प्रोसेसरच्या वेगावरच वेळ मोजायचे. आजच्या मशीनवर ते इतके सुसाट पळतात की खेळताच येत नाहीत. डॉसबॉक्समध्ये कंट्रोलसोबत एफ११ दाबलं की वेग कमी होतो, एफ१२ ने वाढतो. जुन्या कॅबिनेटवरचं ‘टर्बो’ बटणही याचसाठी होतं. नाव टर्बो, पण खरा उपयोग कॉम्प्युटर हळू करण्याचा!

स्कमव्हीएमची पद्धत वेगळी आहे. ते मशीनची नक्कल करत नाही. गेम चालवणारं इंजिनच नव्याने लिहून जुन्या फाइल त्यात वापरते.

मग अडचण कुठे आहे?

तंत्रज्ञानापेक्षा मोठी अडचण हक्कांची आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज विक्रीला उपलब्धच नाहीत. कंपनी बुडते, हक्क तिसऱ्याकडे जातात, गेममधल्या गाण्यांचा परवाना संपतो. ग्रंथालयांना असे गेम संशोधकांना दुरून, ऑनलाइन वापरू देण्याची मुभा हवी होती. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारली. म्हणजे अभ्यासकाने प्रत्यक्ष तिथेच जायचं.

‘अबॅन्डनवेअर’ हा शब्द इंटरनेटवर सर्रास दिसतो, पण कायद्यात त्याला स्थान नाही. भारतातही कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो आणि त्याचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तेवढी वर्षं फ्लॉपी कुठली टिकायला! मात्र कायदेशीररीत्या घेतलेल्या प्रोग्रामची बॅकअप प्रत काढायला आपला कायदा परवानगी देतो.

रीतसर घ्यायचं तर जीओजीसारख्या साइटवर अनेक जुने गेम डॉसबॉक्ससकट विकत मिळतात.

माळ्यावर जुन्या फ्लॉपी असतील तर साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबी ड्राइव्ह चालतो. सव्वापाच इंचीला त्याचा उपयोग नाही, वेगळं हार्डवेअर लागतं. ड्राइव्हमध्ये घालण्याआधी कोपऱ्यातली छोटी पट्टी सरकवून भोक उघडं ठेवा, म्हणजे चुकूनही काही पुसलं जाणार नाही. सोबतची पुस्तिकाही टाकू नका. डॉसवरचा ‘प्रिन्स’ पहिल्या लेव्हलनंतर पुस्तिकेतलं अक्षर विचारायचा आणि चुकीची बाटली प्यायली की राजपुत्राला फटका बसायचा!