टेम्प्लेटमधील रकानादर्शन

डेटाबेसच्या कोष्टकातील रकान्यांची नावे व संख्या पानाच्या साच्यात, म्हणजे टेम्प्लेटमध्ये, आगाऊ कायम न करता, पान मागितले जाईल त्या वेळी कोष्टकालाच विचारून शीर्षक व मूल्य यांच्या जोड्या मांडण्याची जी रीत वेब फ्रेमवर्कमध्ये रूढ आहे, ती.

नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात तलाठी दफ्तरात या कल्पनेचे मूळ रूप पाहावयास मिळते. सातबाऱ्यावरील भूमापन क्रमांक, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार, इतर अधिकार ही शीर्षके स्थिर, आणि त्यांखालचा मजकूर मात्र गटागणिक निराळा. गाव नमुना बारामध्ये तर ओळी किती असाव्यात हेही पिकेच ठरवितात, कारण माळावर नागली, वरई, खुरासणी व उडीद घेणाऱ्या खातेदाराच्या नावे चार ओळी चढतात, तर नुसते भात लावणाऱ्याच्या नावे एकच. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत या ओळी शेतकरी स्वतः मोबाइलवरून नोंदवू शकतो.

जुलै 2005 मध्ये सर्वांस खुल्या झालेल्या जँगो या फ्रेमवर्कमध्ये मूल्याची जागा दुहेरी महिरपी कंसांनी दर्शवितात. रकान्यांची यादी मॉडेलच्या 'मेटा' या घटकात असते. परंतु त्याच्या नावाचा आरंभ अधोरेषेने होत असल्याने आणि तशी नावे टेम्प्लेटला वर्ज्य असल्याने, जोड्या आधी व्ह्यूमध्ये वा मॉडेलच्या मेथडमध्ये तयार करून टेम्प्लेटच्या हाती द्याव्या लागतात. हा निर्बंध प्रस्तुत लेखकास योग्य वाटतो. कोणता रकाना लोकांसमोर यावा हा निर्णय साच्याने नव्हे, जबाबदार माणसाने करावयाचा असतो. खातेदाराचा मोबाइल क्रमांक सरसकट यादीतून पानावर उतरणे जितके गैर, तितकेच 'इतर अधिकार' हा रकाना जागेअभावी गाळणेही. 1985 च्या आदेशान्वये पेठ तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 36 व 36अ अन्वये आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर जी बंधने आहेत, त्यांची नोंद याच रकान्यात पाहावयाची असते. ती नजरेआड झाल्यास आदिवासी खातेदाराचे कायदेशीर कवचच उताऱ्यावरून पुसले जाते.

कोष्टकात भोगवट्यापुढे केवळ 2 हा अंक साठविलेला असला, तरी पानावर 'भोगवटादार वर्ग 2' असे पूर्ण लेबल यावे. त्याची सोय जँगोत आहे.

रिकाम्या रकान्याचा प्रश्न मात्र नाजूक आहे. पोटखराब क्षेत्र 0.00 असणे म्हणजे मोजणीअंती तसे क्षेत्र नाही असे ठरणे, आणि रकाना रिकामा असणे म्हणजे नोंदच न झालेली असणे. 'डिफॉल्ट' हा फिल्टर दोहोंच्याही जागी आडवी रेघ घालून हा भेद मिटवितो. म्हणून क्षेत्राच्या रकान्यास केवळ मूल्यच नसताना लागू होणारा 'डिफॉल्ट इफ नन' हा फिल्टर लावावा.